सात इंची त्रिकोणी गुण्या : घेण्याआधी काय तपासावे आणि कामावर कुठवर विसंबावे

अ‍ॅल्युमिनियमचा सात इंची त्रिकोणी गुण्या, जो दुकानात ‘स्पीड स्क्वेअर’ या नावाने मागावा लागतो, मी जळगावच्या बाजारातून पाचशे रुपयांच्या आत घेतला. चाळीसगाव तालुक्यातील आमच्या शेतावर वेचलेला कापूस, कडबा आणि ट्रॅक्टर एकाच छपराखाली राहावेत यासाठी २४ फूट रुंद आणि ३२ फूट लांब असे दुपाखी पत्र्याचे शेड उभारायचे होते, आणि आखणीपासून शेवटचा पत्रा बसेपर्यंत हे साधन कारागिरांच्या व माझ्या हातात होते. त्या वापरावर हे परीक्षण आधारलेले आहे. साधन चांगले आहे आणि घेण्याजोगे आहे, हे माझे मत आधीच सांगून टाकतो; मात्र त्याचा चांगुलपणा कोणत्या कामापुरता आहे हे त्रिकोणाची भूमिती समजून घेतल्याशिवाय कळत नाही, आणि ते न कळता वापरले तर हेच साधन मोठे नुकसान करू शकते.

गुण्याची रचना साधी आहे. सात-सात इंचांचे दोन बाहू काटकोनात आहेत आणि तिसरी बाजू, म्हणजे कर्ण, त्या दोहोंना जोडते. एका बाहूला दोन्ही अंगांनी बाहेर आलेली जाड पट्टी आहे. ती लाकडाच्या किंवा पाइपच्या कडेला टेकवायची असते, म्हणून तिला येथे टेकण म्हणतो. मोकळ्या बाहूवर इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांच्या खुणा आहेत, कर्णावर शून्य ते नव्वद अंशांची मापनपट्टी आहे, आणि मधल्या पोकळीत दर दोन सुतांवर लहान खाचा आहेत, ज्यांत पेन्सिलीचे टोक अडकवून कडेला समांतर रेघ ओढता येते. १९२५ साली अमेरिकेत अल्बर्ट स्वान्सन यांनी छपरांच्या सुतारकामासाठी हे साधन तयार केले, आणि त्याची ठेवण आजही जवळजवळ तशीच राहिली आहे. आमच्याकडच्या सुतारांच्या पेटीत पूर्वापार असतो तो एल अक्षराच्या आकाराचा गुण्या. लाकडी किंवा लोखंडी मुठीत पोलादी पाते बसवलेला. दोन्हींचे काम काटकोन दाखवण्याचेच आहे, मग त्रिकोणी गुण्यासाठी वेगळे पैसे का द्यावेत, असा प्रश्न कोणीही विचारील.

त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या ‘बाबाबा’ कसोटीत आहे. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोण एकच होतो; त्याच तीन लांब्यांतून वेगळ्या कोनांचा दुसरा त्रिकोण बनवता येत नाही. म्हणून त्रिकोणाचा कोन बदलायचा असेल तर त्याची एखादी बाजू वाकवावी, ताणावी किंवा तोडावी लागते. एल आकाराच्या गुण्यात तिसरी बाजूच नसते. त्याचा काटकोन मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर अवलंबून असतो, आणि तो एकदा उंचावरून फरशीवर पडला की सांधा किंचित हलतो. हे हलणे डोळ्यांना दिसत नाही, आणि कारागीर पुढे त्याच गुण्यावर विसंबून कापत राहतो. चार बाजूंच्या आकृतीची गत याहून वाईट असते, कारण तिच्या लांब्या तशाच राहूनही कोन बदलू शकतात. सैल झालेली बाज जशी एका कोपऱ्याकडे कलते, तशी चार पाइपांची चौकट वाऱ्याने कलते. तिच्यात एक तिरपा पाइप जोडला की चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि कलणे थांबते. खानदेशात वळवाच्या पावसाआधी जे सोसाट्याचे वारे सुटतात त्यांत पत्र्याची शेडे आडवी होतात, त्याचे एक कारण कित्येकदा हा तिरपा पाइप वाचवलेला असणे हे असते. त्रिकोणी गुण्याची किंमत प्रामुख्याने या तिसऱ्या बाजूची आहे, आणि ती रास्त आहे. शेडच्या कामात तो शिडीवरून खाली पडला, तरी त्यानंतर केलेल्या तपासणीत त्याचा काटकोन जसाच्या तसा आढळला.

न बदलणारा कोन मुळात बरोबर असला पाहिजे, हे मात्र आकार सांगत नाही. कारखान्यात चुकीचा ओतला गेलेला त्रिकोण जन्मभर तेवढाच चुकीचा राहतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानाच्या काउंटरवरच तीन गोष्टी पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांना पेन्सिल, कागद आणि एक खात्रीची सरळ कड याखेरीज काहीही लागत नाही.

पहिली तपासणी काटकोनाची. सरळ कडेचा प्लायचा तुकडा घेऊन त्यावर कागद चिकटवावा, टेकण कडेला घट्ट लावावे आणि मोकळ्या बाहूने बारीक रेघ मारावी. नंतर गुण्या पालथा करून, टेकण त्याच कडेला आणि बाहू त्याच बिंदूपाशी लावून, दुसरी रेघ मारावी. कोन नेमका ९० अंशांचा असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर बसतील. तो ८९ अंशांचा असेल तर एक रेघ एका बाजूला एक अंश झुकेल, दुसरी विरुद्ध बाजूला एक अंश झुकेल, आणि त्यांच्यात दोन अंशांची फट दिसेल. चूक दुप्पट होऊन समोर येते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. शिवाय तपासण्यासाठी दुसरा खात्रीचा गुण्या जवळ असण्याची गरज राहत नाही. दुकानदाराने माझ्यासमोर काढून ठेवलेल्या नगांपैकी एकात ही फट स्पष्ट दिसली, आणि त्यांनी तो नग स्वतःहून बाजूला ठेवला.

दुसरी तपासणी ४५ अंशांची. कर्णाच्या कडेने एक रेघ मारावी, गुण्या पालथा करून तिला छेदणारी दुसरी मारावी, आणि त्या दोन रेघांमधील कोनात गुण्याचा काटकोन बसतो का ते पाहावे. ४५ अधिक ४५ म्हणजे ९०, एवढाच त्यामागचा विचार आहे. कर्णाची लांबी मोजून तपासण्याचा मोह होतो, कारण सातला २च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१४ ने, गुणले की ९.९ इंच येतात. पण या गुण्याचे टोकदार कोपरे हाताला लागू नयेत म्हणून छाटलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेली लांबी कमी भरते आणि तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही.

तिसरी तपासणी क्वचितच कोणी करतो, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. कर्णावरील अंशांच्या खुणा समान अंतरावर असता कामा नयेत. काटकोनाच्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या किरणांमध्ये एकेक अंशाचे अंतर आहे, पण ते किरण ज्या रेषेला छेदतात ती सरळ आहे, वर्तुळाचा कंस नव्हे. कर्णाचा मध्य कोपऱ्याला सर्वांत जवळ असतो, सुमारे ४.९५ इंचांवर; टोके सात इंचांवर असतात आणि तेथे किरण कर्णाला तिरपे छेदतात. हिशेब केला तर सात इंची गुण्यावर मध्याजवळ एका अंशाची जागा सुमारे २.२ मिलिमीटर येते आणि टोकांजवळ सुमारे ४.४ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दुप्पट. खुणा टोकांकडे विरळ आणि मध्याकडे दाट दिसल्या तर मापनपट्टी विचारपूर्वक आखलेली आहे. त्या सर्वत्र सारख्याच अंतरावर दिसल्या तर शून्य, ४५ आणि ९० एवढे सोडून बाकी सर्व वाचने चुकीची आहेत, आणि तो नग कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. मी घेतलेल्या नगावर हा फरक नीट दिसतो.

कोन आखण्याची रीत सोपी आहे. टेकण पाइपच्या कडेला लावायचे, काटकोनाचा कोपरा बोटाने दाबून धरायचा आणि हवा तो अंश पाइपच्या कडेवर येईपर्यंत गुण्या त्या कोपऱ्याभोवती फिरवायचा. मग मोकळ्या बाहूने रेघ मारली की ती आडव्या सरळ कापापासून तेवढे अंश कललेली असते. आमच्या कामावरच्या तरुण कारागिराने पहिल्या दिवशी हे साधन हातात घेऊन विचारले होते, “आबा, हाई काय शे?” त्यालाही ही रीत एकदा दाखवल्यावर पुन्हा सांगावी लागली नाही. कटर मशीनवर चौकोनी पाइप लावण्यापूर्वी चारही अंगांवर रेघ फिरवून घेण्यासाठी तर याच्यासारखे साधन नाही, कारण टेकणामुळे प्रत्येक अंगावर तोच कोन कोणतीही नवी मोजणी न करता उतरतो.

अंशांच्या शेजारी ‘कॉमन’ असे छापलेली आणखी एक मापनपट्टी असते, आणि सोबतच्या इंग्रजी पत्रकात तिचे स्पष्टीकरण इतके अपुरे आहे की बहुतेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः आपल्या कारागिरांच्या बोलीला सर्वांत जवळची पट्टी तीच आहे. आपल्याकडे छपराचा उतार अंशांत कोणी सांगत नाही; ‘फुटाला तीन इंच ढाळ’ असे सांगतात, आणि ही पट्टी नेमके तेच दाखवते. तिच्यावरील ३चा आकडा कडेवर आणला की बारा इंच आडवे जाताना तीन इंच चढणारा कोन मिळतो, जो अंशांत सुमारे १४ भरतो. ४चा आकडा सुमारे साडेअठरा अंशांचा असतो आणि ५चा साडेबावीसहून किंचित अधिक अंशांचा. कारागिराला स्पर्शक गुणोत्तर माहीत नसले तरी चालते, कारण ते या पट्टीतच बसवलेले आहे. तिसरी पट्टी चौपाखी छपराच्या कोपऱ्यातील तिरप्या वाशासाठी असते. तो वासा चौरसाच्या कर्णावरून जात असल्यामुळे तेथे बाराऐवजी सुमारे १७ इंचांचा आधार धरतात. कोकणातील कौलारू घरांना ती उपयोगी पडेल. खानदेशात जुनी घरे पांढऱ्या मातीच्या सपाट धाब्याची आणि नवी शेडे एकपाखी किंवा दुपाखी असतात, तेव्हा येथील ग्राहकाने त्या पट्टीचा विचार न केला तरी काही बिघडत नाही.

आता या साधनाच्या मर्यादेकडे वळतो, कारण नुकसान होते ते येथेच. गुण्याचा बाहू सात इंच आहे आणि त्याची खात्रीही साधारण तेवढ्याच अंतरापुरती आहे. जमिनीवर शेडची आखणी करताना कोपऱ्यात गुण्या ठेवून सुतळी त्याच्या बाहूशी जुळवण्याची सवय अनेकांना असते. सुतळी सात इंचांत अर्धा सूत इकडेतिकडे झाली तर डोळ्यांना कळत नाही. पण ३२ फुटांच्या टोकाला तीच चूक जवळजवळ साडेतीन इंचांची होते. मग पत्रे सरळ आणि शेड तिरपे अशी अवस्था होते आणि शेवटच्या पत्र्याच्या कडेला एका टोकाकडे रुंदावत जाणारी फट उरते, जी कोणत्याही स्क्रूने झाकता येत नाही.

मोठा काटकोन मोठ्या त्रिकोणानेच काढावा. पायथागोरसचे प्रमेय सर्वांना पाठ असते; त्याचा व्यत्यास मात्र कामाला येतो: ज्या त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाइतकी असते, त्यात त्या दोन बाजूंमधील कोन काटकोनच असतो. आमच्या शेडची मापे २४ आणि ३२ अशी ठेवण्यामागे हेच कारण होते. ती ३ आणि ४ची आठपट आहेत, त्यामुळे कर्ण बरोबर ४० फूट येतो. ३२ फुटांच्या पायारेषेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, एका टोकापासून २४ फूट आणि दुसऱ्या टोकापासून ४० फूट अशा दोन टेप ताणल्या, आणि त्या जेथे मिळाल्या तेथे तिसरी खुंटी ठोकली. चौथी खुंटी ठोकल्यावर दोन्ही कर्ण ४० फूट भरले की चुन्याची फक्की मारून रेघा पक्क्या करायला हरकत नसते. या कामात गुण्याचा उपयोग शून्य आहे, आणि तो शून्यच ठेवावा. मापे याच पटीत नसतील तर कोपऱ्यापासून १२ आणि १६ फुटांवर खुणा करून त्यांच्यातील अंतर २० फूट येते का ते पाहिले तरी पुरते. मात्र त्रिकोण जागेत मावेल तेवढा मोठा घ्यावा.

कैचीच्या, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या पाइपांच्या त्रिकोणी चौकटीच्या, बाबतीत तोच नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. २४ फुटांच्या गाळ्यावर मध्ये तीन फूट उंचीची कैची घेतली, म्हणजे अर्ध्या भागात १२ फूट आडवे आणि ३ फूट उभे. १४४ आणि ९ मिळून १५३, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १२.३७, म्हणजे तिरपी कडी १२ फूट साडेचार इंचांना जराशी कमी. ही कडी गुण्यावर १४ अंश लावून उभी केली आणि त्यात एका अंशाचा फरक पडला, तर वरच्या टोकाला उंचीत अडीच इंचांचा फरक येतो, आणि प्रत्येक कैचीत तो वेगळा येतो. त्याऐवजी तळाचा पाइप, मधला उभा खांब आणि तिरप्या कड्या यांच्या लांब्या नेमक्या कापल्या तर कोनाला बदलायला जागाच राहत नाही. तीन बाजू ठरल्या की कोन ठरतो. गुण्याचे काम उरते ते पाइपांच्या टोकांचे काप आखण्याचे, आणि ते तो उत्तम करतो. तेथे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी ती वेल्डिंगमध्ये भरून निघते. ती कैचीच्या उंचीत उतरत नाही.

याच कैचीत शाळेतील एका प्रमेयाचा जो उपयोग झाला, त्याने मला फार समाधान दिले. मधल्या खांबाच्या पायथ्यापासून तिरप्या कडीच्या मध्यापर्यंत एक आधाराचा पाइप द्यायचा होता, आणि त्याची लांबी किती, हा प्रश्न कारागीर नेहमी प्रत्यक्ष पाइप धरून, खूण करून सोडवतात. पण खांब, तळाचा पाइप आणि कडी मिळून काटकोन त्रिकोण होतो, आणि काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते. म्हणून आधाराचा पाइप कडीच्या बरोबर निम्मा, म्हणजे सुमारे ६ फूट सव्वादोन इंच. त्यामुळे त्याचा तळाच्या पाइपशी होणारा कोनही १४ अंशच राहतो, कारण तेथे तयार होणारा त्रिकोण समद्विभुज असतो. आणि वरच्या टोकाला तो कडीशी करतो तो कोन दूरस्थ आंतरकोनांच्या प्रमेयानुसार १४ अधिक १४, म्हणजे २८ अंश. खांबाला टेकणारे टोक कापायला गुण्यावरची तीच १४ची खूण चालली. या सर्व लांब्या पाइपांच्या मध्यरेषांच्या आहेत, तेव्हा कापताना पाइपच्या जाडीची वजावट करावी लागते. सर्व आधार एकाच मापाने आधीच कापून ठेवता आल्यामुळे काम झपाट्याने झाले, आणि हे गुण्याच्या पत्रकात कोठेही लिहिलेले नाही, याची खंत वाटते.

कैची पाच फूट उंच घेतली असती तर कडी नेमकी १३ फूट आली असती, कारण ५, १२ आणि १३ हे पूर्णांकांचे आणखी एक काटकोनी त्रिकूट आहे. मोजायला ते सुखाचे असते, पण पत्रा जास्त लागतो आणि वाऱ्याला तोंड देणारे अंगही वाढते.

आमच्या तालुक्याचा या विषयाशी जुना संबंध आहे, आणि तो येथे सांगणे विषयांतर ठरणार नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा, आणि ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातील मोडलेल्या वेळूचे उदाहरण पुष्कळांना आठवत असेल: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? अंतराचा वर्ग एकूण लांबीने भागावा, येणारी संख्या हा कर्ण आणि उभी बाजू यांमधील फरक. २५६ला ३२ने भागून ८ येतात. ज्यांची बेरीज ३२ आणि फरक ८ अशा दोन संख्या २० आणि १२, म्हणून वेळू १२ हातांवर मोडला.

लोखंडी पाइप बाजारात २० फुटी मिळतो. भाजीपाल्याच्या मांडवाच्या टोकाला एक उभा खांब आणि त्याला ताण देणारा तिरपा आधार असे दोन्ही एकाच पाइपमधून, तुकडा वाया न घालवता, काढायचे आणि आधाराचे पाऊल खांबापासून १० फुटांवर ठेवायचे असेल, तर हाच हिशेब लागू पडतो. १०० भागिले २० म्हणजे ५. तेव्हा खांब साडेसात फूट आणि आधार साडेबारा फूट. पाइप कोठे कापायचा हे भूमितीने सांगितले, आणि काप कोणत्या कोनात द्यायचा हे गुण्याने. दोन्ही पावले बेस प्लेटवर बसवली तर जमिनीत गाडण्यासाठी वेगळी लांबी धरावी लागत नाही.

उन्हाळ्याविषयी एक शंका मला अनेकांनी विचारली, आणि जळगाव-भुसावळकडचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ती येणे साहजिक आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावून कोन बिघडत नाही का? तापमान २५ अंशांनी वाढले तर सात इंचांचा बाहू सुमारे एक दशांश मिलिमीटरने वाढतो. पण तिन्ही बाजू एकाच प्रमाणात वाढतात, म्हणजे नवा त्रिकोण जुन्याशी समरूप असतो, आणि समरूप त्रिकोणांचे कोन सारखेच असतात. काटकोन थंडीत जो असतो तोच उन्हातही राहतो. ३-४-५ च्या आखणीलाही हेच लागू आहे, जर तिन्ही बाजू एकाच वेळी आणि एकाच प्रकारच्या टेपने मोजल्या असतील. गुण्या उन्हात ठेवला तर तो हाताला चटका देतो, ही अडचण मात्र खरी आहे.

झाडाची किंवा टाकीची उंची काढायलाही हा गुण्या चालतो. एका बाहूच्या कडेशी दोऱ्याला बांधलेले वजन सोडून तो बाहू उभा ठेवावा, कर्णाच्या कडेवरून शेंड्याकडे पाहावे, आणि शेंडा नजरेच्या रेषेत येईपर्यंत मागे सरकावे. जमीन सपाट असेल तर झाडापासूनचे अंतर आणि आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची यांची बेरीज म्हणजे झाडाची उंची. विजेच्या तारेजवळचा कडुनिंब तोडण्यापूर्वी तो पडल्यावर कोठवर पोहोचेल हे ठरवण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी असते, आणि सुरक्षिततेसाठी वर काही फूट अधिक धरावेतच.

दोष सांगायचे तर ते घडणीचे आहेत. खुणा कोरलेल्या आहेत पण उथळ, आणि त्यांत भरलेला रंग वेल्डिंगच्या ठिणग्यांनी व धुळीने लवकर उडाला. आता सकाळच्या तिरप्या उजेडात त्या नीट वाचता येतात, भर दुपारी कष्टाने. टेकणाच्या आतल्या कोपऱ्यात ओतकामाची बारीक धार राहिली होती, जिच्यामुळे ते पाइपवर पूर्ण बसत नव्हते; ती बारीक कानशीने काढावी लागली. मिलिमीटरच्या खुणा कोठेही नाहीत, आणि पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये व लांबी फुटांत सांगण्याची आपली मिश्र रीत पाहता ही उणीव जाणवते. पत्रक इंग्रजीतच आहे आणि त्यातील सर्व चित्रे लाकडी वाशांची आहेत. उत्पादकाने मराठीत दोन पाने छापून त्यांत ढाळाची पट्टी समजावली, तर याच किमतीत या वस्तूची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

ज्यांना कागदावर आराखडा काढायचा आहे त्यांनी हे घेऊ नये. कंपासपेटीतील दोन प्लॅस्टिकचे गुण्ये त्यासाठी सरस आहेत. त्यांतील एकाचे कोन ४५, ४५ आणि ९० आणि दुसऱ्याचे ३०, ६० आणि ९० असल्यामुळे ते एकमेकांशी जुळवून १५, ७५, १०५ असे पंधराच्या पटीतील कोन मिळतात, आणि ते पारदर्शक असल्यामुळे खालची रेघ दिसते. कामावर मात्र प्लॅस्टिकच्या कडा झिजतात, म्हणून तेथे ते नेऊ नयेत. बारा इंचांचाही त्रिकोणी गुण्या मिळतो. त्याचा बाहू पूर्ण एक फुटाचा असल्यामुळे फुटाला किती इंच ढाळ हे त्यावर थेट मोजून पडताळता येते आणि अंशांच्या खुणाही पावणेदोन पट मोकळ्या पडतात. तो खिशात मावत नाही आणि शिडीवर एका हाताने धरताना जड जातो, तरी रुंद फळ्या किंवा सहा इंचांहून मोठे चॅनल नियमित कापणाऱ्याने तोच घ्यावा. दोन-तीन इंची पाइपांचे आणि पर्लिनचे (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पाइपांचे) काम करणाऱ्या कारागिराला सात इंची पुरतो. फक्त दुकानातून निघण्यापूर्वी तो एकदा पालथा करून दुसरी रेघ मारून पाहावी.